रडारवाल्यांच्या मुली

चौदाव्या मजल्यावरून खाली येताना लिफ्टमधल्या छोट्या पडद्यावर डुकराचं मुंडकं दिसलं, आणि ते खरं नव्हतं. तांदळाच्या पिठाचं, उकडून गुलाबी रंगवलेलं, डोळ्यांच्या जागी काळ्या घेवड्याचे दोन दाणे. त्याच्यामागे करड्या रंगाचं एक लढाऊ विमान नाक उघडून उभं होतं. बाजूला परक्या देशाचे लष्करी अधिकारी हसत होते आणि पुढ्यात चटईवर एक माणूस कपाळ टेकवून पडला होता. त्या पडद्याला आवाज नसतो. खालून अक्षरं सरकत होती: जुन्या विमानांना नवं रडार, पहिली तुकडी पुढच्या महिन्यात रवाना, आजवरची सर्वांत मोठी निर्यात. माणसाचा चेहरा दिसत नव्हता, पण पाठ मी ओळखली. ती बाबांच्या टीममधल्या बांग साहेबांची पाठ होती. पूर्वी त्या चटईवर ती पाठ दुसऱ्या रांगेत असायची आणि पहिल्या रांगेत माझ्या बाबांची. नवव्या मजल्यावर कुत्र्याला कडेवर घेतलेल्या बाई आत आल्या, त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बघितलंत? परके लोक रांगा लावून आपली विमानं घेतायत. ऊर भरून येतो हो." मी "हो" म्हटलं. पडद्यावर तळलेल्या कोंबडीची जाहिरात आली. तळमजला आला, बाई गेल्या, कुत्रा गेला, आणि मी अजून आतच उभी होते. हातात पिशवी होती. पिशवीत बाबांच्या वर्षश्राद्धासाठी घेतलेल्या नासपती होत्या.

बुसानहून गावाकडे जाणारी बस समुद्राच्या कडेकडेनं जाते. कालवांच्या शेतीचे पांढरे तराफे, त्यांच्यामध्ये काळसर पाणी, मग बोगदा, मग पुन्हा पाणी. मला पाणी दिसत नव्हतं, ते पिठाचं डुक्कर दिसत होतं. बाबा असताना बहुतेक वर्षं मुंडकं खरं असायचं. नवं रडार बसवलेलं विमान पहिल्यांदा सुरू करायचं त्या दिवशी बाबा सकाळी स्वतः बाजारात जायचे आणि हसरं मुंडकं निवडायचे. सगळी मुंडकी हसत नाहीत. उकडताना जबडा कसा आखडतो त्यावर ते असतं, आणि बाबांना ते आधी कळायचं. लहानपणी एकदा मी बरोबर गेले होते. बाजारातली बाई म्हणाली, "प्यो साहेब, हे घ्या, हे तुमच्या सासूसारखं हसतंय." बाबा म्हणाले, "मग नको, विमान पडेल." विमानाच्या नाकासमोर टेबल मांडून त्यावर मुंडकं, तांदळाची दारू, सुके मासे, फळं ठेवायची आणि मोठमोठे इंजिनियर एकेक करून चटईवर लोटांगण घालायचे. बाबा त्यांना काहीही म्हणू द्यायचे नाहीत. ज्याला हसू येईल त्यानं हँगरबाहेर जावं. मग विमानं परदेशी विकली जायला लागली आणि एका देशाच्या लोकांना डुक्कर चालत नाही हे कंपनीला कळलं. त्यासाठी बैठक झाली नाही, अभ्यासगट नेमला गेला नाही. दुसऱ्याच दिवशी मिठाईवाल्याकडून पिठाचं मुंडकं आलं. बाबांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा ते हसत होते. मी हसले नव्हते. आता बसमध्ये बसून मला वाटत होतं, ज्या लोकांना गिऱ्हाइकासाठी एका रात्रीत देवापुढचा नैवेद्य बदलता येतो, त्यांना विमानाच्या नाकापुढे उभ्या असलेल्या माणसाला चार पावलं बाजूला करता येत नव्हतं.

बाबांच्या टीममध्ये एक विनोद होता. रडारवाल्यांना मुलीच होतात. किरणांनी मुलगे जळून जातात, म्हणे, मुली चिवट असतात म्हणून वाचतात. कंपनीच्या सहलीत, वर्षअखेरच्या जेवणात, कुणाच्या बारशाला, दोन पेले पोटात गेले की कुणीतरी तो विनोद काढायचंच. टीममधल्या माणसाची बायको बाळंत झाली की साहेब लोक फोनवर "काय झालं?" असं विचारतच नसत. "गुलाबी कपडे पाठवून देतो," असंच म्हणत. कंपनीचे एक संचालक एकदा आमच्या घरी जेवायला आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय प्यो, रडार चांगलं चालतंय म्हणायचं!" सगळे हसले. मी सहा-सात वर्षांची असेन. मलाही वाटलं, आपण काहीतरी चांगलं केलंय. आई सगळ्यांत मोठ्यानं हसली होती. त्या हसण्याचा अर्थ मला फार नंतर कळला. आजीनं तिला मुलगा व्हावा म्हणून इतके काढे पाजले होते, देवळातल्या भिक्षुणींपासून गावच्या मांत्रिकिणीपर्यंत इतक्या जणींपुढे बसवलं होतं, की हा विनोद ऐकून तिला सुटल्यासारखं झालं असणार. दोष तिच्या पोटाचा नव्हता, रडारचा होता. आजीनंही शेवटी ते मानलं. "माझ्या पोराचा वंश त्या यंत्रानं खाल्ला," असं ती शेजारणींना सांगायची. आई जाईपर्यंत तो विनोद ढालीसारखा वापरत राहिली. अशी मी त्या विनोदाचा पुरावा म्हणून वाढले. मोठी झाल्यावर मी वाचलं, शोधलं. त्यात काही तथ्य नाही. मुलगा की मुलगी हे रडार ठरवत नाही. मला ते पक्कं माहीत आहे, आणि माझा राग त्या विनोदाच्या खोटेपणावर नाहीच. ते लोक त्यावर विश्वास ठेवून हसत होते, यावर आहे. किरण माणसाच्या अंगात शिरतात आणि काहीतरी जाळतात असं ज्यांना मनातून वाटत होतं, ते पेला उंचावत होते आणि सकाळी माझ्या बाबांना पुन्हा तिथंच उभं करत होते.

बाबांना रक्ताचा कर्करोग झाला. त्यांनी जुनी रडारंही दुरुस्त केली होती, ज्यांच्या उच्च विद्युतदाबाच्या नळ्यांमधून क्ष-किरण निसटायचे, आणि नवीही बसवली होती. जुन्या रडारला नाकाच्या आत एक ताटली असायची, ती मान वळवून वळवून आकाश बघायची. नव्याला मान नसते. हजारभर बारीक तुकडे एका सपाट फळीवर बसवलेले असतात आणि ते न हलता सगळीकडे बघतं. बाबांना जुनं आवडायचं. "मान वळवली की कळतं तरी, कुणाकडे बघतोय ते," असं म्हणायचे. नाक उघडं असताना रडार सुरूच होऊ नये म्हणून विमानात एक कुलूप असतं. पण फळी नीट बसली की नाही ते पाहायला रडार सुरू असावं लागतं आणि नाकही उघडं असावं लागतं. दर वेळी नाक बसवून काढण्यात अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाइकाला विमान ठरल्या तारखेला हवं असतं. म्हणून टीमनं एक छोटा प्लग बनवला होता. तो लावला की विमानाला वाटायचं, नाक जागेवर आहे. त्याला सगळे 'खोटं नाक' म्हणत. सगळे म्हणजे सगळे. विक्रीविभागातल्या मुलीही म्हणत. बाबा गेल्यावर मी कामगार नुकसानभरपाईच्या कचेरीत अर्ज केला, तेव्हा कंपनीनं सभ्य भाषेत उत्तर दिलं. नाक उघडं असताना रडार सुरू होणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. त्यामुळे श्री. प्यो दॉक-सू, किंवा अन्य कोणीही, सुरू रडारसमोर उभं राहण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्यांच्या दीर्घ सेवेबद्दल कंपनी कृतज्ञ आहे. मी एका ग्रंथालयात काम करते, दिवसभर वाक्यं वाचते. इतकं नीटनेटकं वाक्य मी क्वचित वाचलं असेल. प्रश्न उद्भवत नाही. जणू बाबाच उद्भवले नव्हते.

कृतज्ञता अंत्यविधीलाही आली होती, खोक्यांतून. आमच्याकडे मोठ्या कंपन्या मयताच्या घरी सामान पाठवतात. कागदी पेले, कागदी ताटल्या, जेवायच्या काठ्या, टेबलावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, सगळ्यावर कंपनीचं चिन्ह. इस्पितळाच्या तळघरातल्या त्या खोलीत तीन दिवस लोक बाबांच्या फोटोला वाकून नमस्कार करत, मग बाहेर बसून झणझणीत सूप खात आणि ज्या पेल्यांतून दारू पीत त्या प्रत्येकावर एक निळं चिमुकलं विमान वर झेपावत होतं. फोटोशेजारी यजमान म्हणून मी उभी नव्हते. दंडावर पट्टी बांधून माझा चुलतभाऊ ग्यू-चॉल उभा होता, ज्यानं बाबांना आधीच्या कित्येक वर्षांत फोनसुद्धा केला नव्हता. मला केसांत लावायला पांढरी फीत दिली. आत्या म्हणाली, "मुलीला कसं उभं करायचं गं तिथं? लोक काय म्हणतील?" मी फीत केसांत लावली. त्या तीन दिवसांत मी इतकी शांत होते की सगळे म्हणाले, शिकलेली मुलगी, किती समजूतदार.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. बाबांचं घर आता आत्या सांभाळते. दारातूनच तिळाच्या तेलात मासे परतल्याचा वास आला आणि आत्याचा आवाज, "आली का गं? आणि नासपती एवढ्याशा का आणल्यास? तुझा बाप पाहुणा होता का?" पुढच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ग्यू-चॉल आणि बांग साहेब श्राद्धाचे चेस्टनट तासत बसले होते. ते काम आमच्याकडे पुरुषांचं. कच्चा चेस्टनट सुरीनं असा तासायचा की त्याला वरखाली सपाट पैलू पडले पाहिजेत. बाबांचे चेस्टनट रत्नांसारखे दिसायचे. ग्यू-चॉलचे कुरतडल्यासारखे दिसत होते. बांग साहेबांचे बरे होते. त्यांनी कंपनीचं जाकीट घातलं होतं, पाठीवर तेच निळं विमान. मला पाहून ते अर्धवट उठले.

"ताई, मी न कळवता आलो. साहेबांचं पहिलं श्राद्ध, राहवलं नाही."

"सकाळी तुम्हाला बघितलं," मी म्हटलं. "लिफ्टमध्ये."

त्यांना कळायला क्षणभर लागला. "अच्छा, ते! बघितलंत का? साहेब असते तर..." आणि ते थांबले. साहेब असते तर ते पिठाचं डुक्कर पाहून काय म्हणाले असते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

कोपऱ्यातल्या मेजावर ग्यू-चॉलनं छापून आणलेला कागद होता. मेलेल्याला उद्देशून वाचायचं निवेदन. आज अमुक दिवशी अमुकचा अमुक आदरपूर्वक निवेदन करतो की, वगैरे. ते वाचलं जात असताना घरातल्या सगळ्यांनी जमिनीला कपाळ टेकून राहायचं आणि वाचणाऱ्यानं शेवटचा शब्द, 'स्वीकार व्हावा', उच्चारला की मगच डोकं वर काढायचं. लहानपणी आजोबांच्या श्राद्धाला हे बाबा वाचत. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. बाबा इतके सावकाश, अडखळत वाचत की काकांचे गुडघे दुखायचे आणि जमिनीकडून त्यांचा दबलेला आवाज यायचा, "अरे दॉक-सू, म्हण की रे शेवटचं, मी बापाला भेटायलाच जाईन असा." पण बाबा घाई करत नसत. "वर्षातून एकदा तर ऐकतात ते," असं नंतर म्हणत.

बांग साहेब मला मागच्या व्हरांड्यात भेटले. मी सुकत घातलेला ऑक्टोपस काढत होते, ते हात पुसत आले. नवं चाचणीगृह बांधून झालंय, म्हणाले. त्याला साहेबांचं नाव द्यायचं चाललंय. दारावर पितळी अक्षरं, प्यो दॉक-सू. पुढच्या महिन्यात खरेदीदार देशाचे लोक विमानं ताब्यात घ्यायला येतील, ते त्याच दारातून आत जातील.

"कुणी सुचवलं?" मी विचारलं.

"मीच. आणि वरच्यांना आवडलं. खूप आवडलं. फक्त एक आहे, ताई. ते लोक येण्याआधी त्यांचे तपासनीस येतात. कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल विचारतात. आपलं ते कचेरीतलं प्रकरण चालू असेपर्यंत वरचे लोक नाव द्यायला धजणार नाहीत. मी मागे घ्या असं म्हणत नाही."

"मग काय म्हणताय?"

ते समुद्राकडे बघत राहिले. "मागे घ्या असंच म्हणतोय," ते म्हणाले.

आत्यानं आतून ऐकलं होतं. ती हातात झारा घेऊनच बाहेर आली. "दारावर नाव? दॉक-सूचं? सॉल-आ, अगं, मुलगा नाही म्हणून ज्याचं नाव बुडालं असं लोक म्हणत होते, त्याचं नाव पितळेत! तुझ्या आजीनं हे बघायला हवं होतं. आणि ती कचेरी तुला काय देणार आहे? बाप देणार आहे का परत?"

"नाही देणार."

"मग?"

"आत्या, मासा जळतोय."

ती पळाली. बांग साहेब म्हणाले, "विचार करा, ताई. आजच्या आज सांगा असं नाही. पण उद्या सकाळी मला वर सांगायचंय." मी मान हलवली. मला ओरडायचं होतं आणि माझ्या घशात ओरडण्याचा सराव नव्हता. या घरात मला तो कुणी दिलाच नाही. फक्त एकदा, कॉलेजात असताना, मी ओरडले होते, तेही बाबांवर. आमची विमानं घेतलेल्या एका देशानं शेजारच्या देशातल्या बाजारावर बाँब टाकले होते. जळलेल्या बसचा फोनवरचा फोटो मी जेवताना बाबांपुढे धरला. "यात तुमचं रडार आहे का?" बाबांनी फोटो पाहिला. डोळे फिरवले नाहीत, नीट पाहिला. मग फोन टेबलावर उलटा ठेवला आणि माशाचे काटे काढायला लागले. "आम्ही फक्त डोळे बसवतो," म्हणाले. मी म्हटलं, "डोळ्यांना दिसलं म्हणूनच हाताला मारता आलं." काटे काढलेला मासा त्यांनी माझ्या वाटीत ठेवला. मी तो खाल्ला नाही. तो राग अजून तसाच आहे, बाबा गेल्यानं तो निवलेला नाही, आणि कोणी मला तो निववायला सांगू नये. पण माझ्या बाबांना जाब विचारायचा तर तो मी विचारीन. ज्यांनी त्यांना जाळलं त्यांना माझा हा राग उत्तरासारखा वापरता येणार नाही.

मी आत येऊन नासपतींचे देठ कापायला बसले. पलीकडे चेस्टनटवर सुऱ्या चालत होत्या. ग्यू-चॉलला दारावरच्या नावानं उत्साह आला होता. त्यानं श्राद्धाच्या दारूतली थोडी आधीच ओतली होती, त्याच त्या कागदी पेल्यांमध्ये. अंत्यविधीचं एक खोकं उरलं होतं ते आत्यानं जपून ठेवलं होतं. "फेकायचे कशाला, चांगले आहेत की."

"बांग दादा, तुम्हाला मुलं किती?" ग्यू-चॉलनं विचारलं.

"दोन मुली. रडारवाला ना मी!"

स्वयंपाकघरातून आत्याचं हसू आलं. "अगं बाई, तुमच्याकडेही तेच का? आमच्या दॉक-सूचं तसंच झालं. आई म्हणायची, यंत्रानं वंश खाल्ला."

"आत्या, साहेबांनी माझ्यासाठी फार प्रयत्न केले हो," बांग साहेब म्हणाले. पेला, घरातली ऊब, जुना विनोद, त्यांचा आवाज सैल झाला होता. "माझं लग्न झालं तेव्हापासून मला नाकापुढे येऊच दिलं नाही त्यांनी. म्हणायचे, 'बांग, तू वर विमानात बस, बटणावर हात ठेव. तुझ्या आईला नातू हवाय. माझं जे व्हायचं ते होऊन गेलंय, मी उभा राहतो नाकापुढे.' कित्येक वर्षं! मी वर, ते खाली. मी ओरडायचो, 'साहेब, लावू?' ते हात वर करायचे. तरी मला मुलीच! दुसरी झाली तेव्हा म्हणाले, 'छे, तुला फुकट वाचवलं.'"

ग्यू-चॉल हसला. आत्या हसली. बांग साहेबही हसले, अगदी मोकळं, तोंड उघडं टाकून. मी नासपतीवरची सुरी थांबवली नाही.

"खाली कुठे उभे राहायचे बाबा?"

हसू लगेच थांबलं नाही, थोडं पुढे घरंगळत गेलं. मग बांग साहेबांच्या हातातला चेस्टनट वर्तमानपत्रावर पडला.

"ताई, ही आपली चेष्टेतली गोष्ट."

"चेष्टेत कुठे उभे राहायचे?"

"सॉल-आ," आत्या आतून म्हणाली. "पाहुण्यांशी असं बोलतात?"

"आणि तुम्ही बटण दाबायचात. खोटं नाक लावून."

त्यांनी हातातली सुरी वर्तमानपत्रावर ठेवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण तो दारूनंही होतो. "मला ते बाहेर बोलता येणार नाही," ते हळू म्हणाले. "कचेरीत मला बोलावलं तर मी नाही म्हणणार. नाक उघडं असताना रडार सुरूच होत नाही. साहेबांना समजलं असतं, ताई."

"समजलंच असतं," मी म्हटलं. "त्यांना सगळ्यांचं सगळं समजायचं. म्हणूनच तुम्ही वर होतात."

बाहेर अजून उजेड होता. हल्ली श्राद्धं लवकर उरकतात, सगळ्यांना परत जायचं असतं. टेबल मांडलं गेलं. मासा पूर्वेकडे डोकं करून, फळांचे वरचे भाग कापून, कशातही लाल मिरची नाही. मेलेल्यांना मिरची चालत नाही म्हणे, आणि बाबांना मिरचीशिवाय घास उतरत नसे. मागे त्यांचा फोटो. हा फोटो अंत्यविधीच्या वेळचा. इस्पितळाच्या दुकानदारानं मूळ फोटोतलं जाकीट पुसून त्यावर काळा कोट रंगवला होता. बाबा समोर बघत होते. मान जराही वळलेली नव्हती, त्या नव्या रडारसारखी, आणि ते कुणाकडे बघतायत ते कळत नव्हतं. ग्यू-चॉलनं उदबत्ती लावली आणि दार थोडं उघडून ठेवलं, आत्मा आत यावा म्हणून. एकदा दार उघडलं की भांडायचं नसतं. आवाज चढवायचा नसतो. आजीच्या काळापासून हा नियम कुणी मोडलेला नाही, सख्खे भाऊ जमिनीवरून कोर्टात गेले तेव्हाही नाही. मी तेवढ्याची वाट बघत होते.

पहिला पेला ग्यू-चॉलनं ठेवला. मग त्यानं मेजावरचा कागद उचलला आणि मी हात पुढे केला.

"मी वाचते."

त्याचे ओठ हलले. आत्याचे डोळे मोठे झाले, तिनं उघड्या दाराकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. ग्यू-चॉलनं कागद दिला. मी टेबलाच्या डावीकडे, जिथं बाबा बसायचे तिथं, गुडघे टेकून बसले. सगळे खाली वाकले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात, ग्यू-चॉल पुढे, त्याच्यामागे बांग साहेब. कपाळं जमिनीला लागली. सकाळी पडद्यावर पाहिलेली पाठ माझ्यासमोर होती आणि तिच्यावर निळं विमान वर झेपावत होतं.

मी कागद घडी करून मांडीखाली ठेवला.

"आज," मी म्हटलं, "प्यो दॉक-सू यांची मुलगी सॉल-आ आदरपूर्वक निवेदन करते." माझा आवाज मला ओळखू आला नाही. तो मोठा नव्हता. "बाबा, तुमचं रडार बसवलेली विमानं पुढच्या महिन्यात चालली आहेत. तुम्ही असता तर खरं मुंडकं मिळालं नाही म्हणून कुरकुर केली असती. यंदाही पिठाचंच होतं, ते हसत नव्हतं, त्याच्यावर हसू रंगवलं होतं. ती विमानं कुणाकडे बघणार आहेत ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नव्हतं, आणि तुम्ही विचारलं नाही. त्याबद्दल माझा राग आहे. तो मी तुमच्यापुढे ठेवते." ग्यू-चॉलची पाठ हलली. "कंपनी म्हणते, तुम्ही कधी नाकापुढे उभे नव्हतात. आज या घरात, तुमच्यासाठी चेस्टनट तासताना, बांग साहेबांनी सांगितलं की तुम्ही उभे होतात. त्यांना मुलगा व्हावा म्हणून उभे होतात. तुम्ही हात वर करायचात आणि ते बटण दाबायचे. आत्यानं ऐकलं. ग्यू-चॉलनं ऐकलं. ते हसले. तीस वर्षं सगळे हसले, बाबा. मी लहान होते, मीही हसले. त्यांना तुमचं नाव दारावर लावायचंय. ज्या दाराआड तुम्ही कधी नव्हतात त्या दारावर. मी अर्ज मागे घेणार नाही. मला कचेरीत बोलावतील तेव्हा मी हा विनोद सांगेन. त्यांना हसू आलं तर मी पुन्हा सांगेन."

उदबत्तीची राख पडली. दार थोडं हललं, वारा असेल. जमिनीकडून श्वासांचा आवाज येत होता, आणि त्यातला एक श्वास सरळ नव्हता. तो बांग साहेबांचा होता. ते हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते, आणि उठत नव्हते. उठता येतच नाही. वाचणारा संपवत नाही तोवर कपाळ उचलायचं नसतं.

माझं सांगून झालं होतं. आता फक्त शेवटचा शब्द उरला होता. स्वीकार व्हावा. तो म्हटला की सगळे उठतील, गुडघे चोळतील, आत्या रडेल, ग्यू-चॉल पेले भरेल, जेवणं होतील, आणि उद्या सकाळी कुणीतरी वर जाऊन सांगेल की मुलगी ऐकत नाही. ग्यू-चॉलनं खालून कुजबुजत म्हटलं, "ताई, म्हण ना शेवटचं."

मी बाबांच्या फोटोकडे पाहिलं. समोर वाकलेल्या त्या पाठीकडे पाहिलं. वर्षातून एकदा तर ऐकतात.

तो शब्द मी म्हटला नाही.